डब्यावर नाव नको

चाचांना कुणी नाव विचारलं की ते आधी विचारणाऱ्याचा चेहरा नीट बघायचे आणि मग सुचेल ते नाव सांगायचे. लातुरात गंजगोलाईतल्या चहावाल्याकडे ते एका नावानं ओळखले जायचे, पिठाच्या गिरणीत दुसऱ्या आणि मोबाईलच्या दुकानात तिसऱ्याच. कापडाच्या मोठ्या दुकानात बिल करताना पोरीनं मोबाईल नंबर मागितला, तेव्हा हे म्हणाले, "सदरा मला घालायचाय बेटा, मोबाईलला न्हाई." ती म्हणाली, नंबरशिवाय बिल निघत नाही. चाचांनी सदरा घडी करून तिच्यासमोर ठेवला आणि निघून आले. ईद दोन दिवसांवर होती. ती त्यांनी जुन्या सदऱ्यावर काढली.

मी हे सगळं हसत सांगायचे. वर्गातल्या मुलींना, घरी आईला फोनवर. आमच्या चाचांसारखा नग अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही असं माझं मत होतं. आज सांगायला बसले की हसू दाताखालीच राहतं.

मी हदगावची. वडील तिथल्या शाळेत शिपाई. दहावीला मार्क बरे पडले, मग आमच्या भागातली सगळी हुशार पोरं जिकडे जातात तिकडे, म्हणजे लातूरला, मला डॉक्टर व्हायला, प्रवेशपरीक्षेच्या क्लासला पाठवलं. लातुरात त्या वर्षांत दर दुसऱ्या घरावर 'मुलींसाठी खोल्या' अशी पाटी होती. वडील आणि मी दिवसभर पाट्या वाचत हिंडलो. घरमालकीण आधी मुलीचे मार्क विचारायची, मग आडनाव. मार्कांवर खूश व्हायची आणि आडनाव ऐकलं की तिला आठवायचं, की खोली सकाळीच गेली. तीन ठिकाणी खोली अशी सकाळीच गेलेली होती. वडील पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले.

संध्याकाळी चाचांच्या घरी पोचलो. वर चार खोल्या, खाली ते आणि चाची. वडिलांनी सवयीनं आडनावासकट माझं नाव सांगायला तोंड उघडलं, तर चाचांनी हात वर केला. "नाव नगा सांगू. पोरगी तिखट खाती का ते सांगा."

वडिलांचे डोळे भरून आले. एवढ्या दिवसभरात नको असलेला एकच प्रश्न या माणसानं आपण होऊन टाळला होता. मला तर तो माणूस तिथल्या तिथंच आवडला.

नाव नाही म्हटल्यावर हाक कशी मारायची? चाचांकडे त्याची सोय होती. प्रत्येक मुलीला स्टीलचा एक डबा मिळायचा आणि त्याच्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं एक चित्र असायचं. चिमणी, कात्री, कंदील, चांदणी. माझ्या डब्यावर मासोळी होती. डब्यावर जे, तेच मुलीचं नाव. दुपारी क्लासच्या फाटकापाशी साऱ्या खानावळींचे डबे यायचे, त्यांच्यावर तेलरंगानं नाव, खोली नंबर, कुणाकुणाचा मोबाईलसुद्धा. चाचा सायकलवरून आमचे आठ डबे आणायचे, आणि फाटकातला वॉचमन रोज चिडवायचा, "आलं बघा चाचाचं प्राणिसंग्रहालय!" डबे उघडल्यावर मात्र तोच चाचीच्या वरणाचा वास घेत उभा राहायचा.

चाचांचा दुसरा नाद म्हणजे कागद. आमच्या कुणाचं पार्सल आलं की खोक्यावरचा पत्ता ते बोटानं भिजवून भिजवून काढायचे आणि त्याचा लगदा करून कुंडीत पुरायचे. झेरॉक्सच्या दुकानात एखादी प्रत बिघडली, तर ती मागून घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. दुकानदार कावायचा. "चाचा, तुमचं आधारकार्ड घेऊन मी काय राज्य करू का?" चाचा म्हणायचे, "तू न्हाई करनार. तुझ्याकडून नेनारा करंल."

आणि एक वाक्य होतं. दिवसातून दोनदा तरी यायचंच. "नाव झाकून ठिवायची चीज हाय, बेटा. उघड्यावर पडलं की ते आपलं न्हाई, वाचनाऱ्याचं." आम्ही मुली जिन्यावरून उतरताना त्यांच्या आवाजात हे म्हणून दाखवायचो.

कैरी माझ्या खोलीत होती. डब्यावर कैरी, म्हणून कैरी, आणि बोलायलाही तशीच आंबट. अभ्यासात आमच्या सगळ्यांच्या पुढे. गणित वाचता वाचता तिला उत्तर दिसायचं, आम्ही पानभर लिहून तिथं पोचायचो. तिच्याकडे मोबाईल नव्हता. घरून कुणी भेटायला यायचं नाही, फक्त महिन्या-दोन महिन्यांनी तिचा मामा यायचा, खाली दहा मिनिटं बसायचा आणि जायचा. दिवाळीला सगळ्या घरी गेल्या, ती चाचीबरोबर राहिली.

तिनं मला कारण सांगितलं ते आंघोळीच्या पाण्याच्या रांगेत उभ्या असताना, बादलीकडे बघत. देवणी तालुक्यात तिचं गाव. वडिलांनी तिचं लग्न आत्याच्या मुलाशी ठरवून टाकलं होतं, ती नववीत असतानाच. आत्याच्या घराला दिलेला शब्द. अठरावं सरलं की लगेच बार उडवायचा. आईनं आणि मामानं मिळून तिला घरातून काढलं होतं. वडिलांना सांगितलं होतं की ती मामाकडे हैदराबादला नर्सिंग शिकतेय. "एकदा परीक्षा झाली, नंबर लागला, की बाप काय करंल? सरकारी कॉलेजातून थोडंच उचलून नेईल," ती म्हणाली. "तवर कुनाला कळू नये बस. लई तर आठ म्हैने."

मी तिला वचन दिलं. हातात साबण होता, साबणावर हात ठेवून दिलं.

चाचांना नावाची ही भीती कुठून आली, ते मला चाचीनं सांगितलं. एकदा आम्ही दोघी मेथी निवडत बसलो असताना मी सहज विचारलं की चाचा आधी काय करायचे. चाची म्हणाली, नावं कोरायचे. भांडी बाजारात त्यांची बसायची जागा होती. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसे. त्या काळी भांडं द्यायचं तर त्यावर कुणी, कुणाला, कशाबद्दल दिलं ते कोरून द्यायची रीत होती. घागरीवर आत्याचं नाव आणि गाव, परातीवर मामाचं, वाटीवर बारशाची तारीख. चाचांचा हात नामी होता, औसा-निलंग्याकडचे लोक त्यांच्याकडेच यायचे.

मग भूकंप झाला. चाचा इतरांबरोबर भाकरी घेऊन किल्लारीच्या बाजूच्या एका गावात गेले. ढिगाऱ्यातून काढलेली भांडी शेडमध्ये रचली होती, आणि कुणाचं कोणतं ते कळेना. चाचांनी एक घागर उचलली, तर अक्षर त्यांचंच. मग ते तिथंच बसले. तीन दिवस बसून एकेक भांडं हातात घेऊन मोठ्यानं वाचत राहिले. लोक ऐकायचे, आपलं नाव आलं की पुढे यायचे, भांडं उराशी धरून रडायचे. चाचांना वाटत होतं, आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कामाचा कुणाला उपयोग झाला.

शेडमध्ये आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बसलेली होती. तिच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं आणि तिची वाचा गेली होती. तिच्या आईची भांडी निघाली, तीही चाचांनी वाचली. मावशीचं नाव, मावशीचं गाव, मामा कोण, हिचं बारसं कधी झालं, सगळं. तिसऱ्या दिवशी एक माणूस आला. म्हणाला, मी हिच्या मावशीचा नवरा, न्यायला आलोय. शेडवरच्या सरकारी कारकुनानं खात्री करायला विचारलं, तर त्यानं मावशीचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मामाचं नाव सांगितलं, बारशाची तारीखसुद्धा सांगितली. कारकुनानं चाचांकडे बघितलं. चाचा म्हणाले, "हाव, बरोबर हाय. माझ्याच हातचं हाय."

मुलगी एका हातात घागर धरून त्या माणसाबरोबर गेली. आठ दिवसांनी खरी मावशी आली, नवऱ्याला घेऊन. तेव्हा चाचांना आठवलं की तो माणूस पहिल्या दिवसापासून शेडच्या खांबाला टेकून उभा होता. ऐकत.

"लई शोधली," चाची म्हणाली. "न्हाई सापडली. तवापासून अक्षर न्हाई कोरलं त्यांनी."

मेथी निवडून झाली होती. मी काड्या गोळा केल्या आणि वर गेले. त्या दिवसानंतर मी जिन्यावर त्यांची नक्कल केली नाही. एवढंच केलं. त्या गोष्टीतून शिकायचं ते काही शिकले नाही.

कारण त्यानंतर दोनच महिन्यांनी मी ते ॲप घेतलं. सराव परीक्षेचं ॲप होतं, क्लासमधली सगळी मुलं वापरत होती. त्यात एक मोठी परीक्षा होती, आणि पहिल्या दहात येणाऱ्यांना वर्षभराचे सगळे पेपर आणि पुस्तकांचा संच फुकट. कैरीकडे पुस्तकं नव्हती, ती माझी झाल्यावर वाचायची. मी म्हटलं, तू बस परीक्षेला, माझ्या मोबाईलवर. ती म्हणाली, "खोटं नाव टाक." मी म्हटलं, "खोट्या नावावर बक्षीस कोण देईल गं? पुस्तकं मामाच्या पत्त्यावर मागवू. कुणाला कळतंय?"

नाव, गाव, तालुका, क्लास, राहण्याचा पत्ता, फोटो. सगळं मी भरलं. फोटो गच्चीवर काढला होता, मागे दोरीवर माझी निळी ओढणी वाळत होती. मग एकामागून एक अटींची पाटी येत गेली आणि मी 'मान्य', 'पुढे', 'मान्य' करत गेले. एकही वाचली नाही. आजवर कोणी वाचली आहे?

कैरी विभागात दुसरी आली. आम्ही खोलीत उड्या मारल्या, खालून चाची ओरडली.

ॲपनं तिचं एक पोस्टर तयार केलं. फोटो, नाव, 'देवणी तालुक्याची कन्या', लातुरात अमुक क्लासला शिकते, अमुक गल्लीत राहते. ॲपवाल्यांकडे गावाचं नाव होतंच. मग त्या गावातल्या जितक्या पोरांकडे ते ॲप होतं त्या सगळ्यांना ते पोचलं, की आपल्या गावच्या विद्यार्थिनीचं अभिनंदन करा. आणि गावानं केलं! कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. कुणीतरी ते गावच्या ग्रुपवर टाकलं, सरपंचानं त्याला फुलांची चौकट लावली, दिवसभर अभिनंदनं चालली. बसस्टँडवरच्या हॉटेलात तिच्या वडिलांच्या गळ्यात हार पडला. लोक म्हणाले, काय हो, पेढे कधी? हे सगळं मला पुष्कळ नंतर तिच्या मामाकडून कळलं. मामा फोनवर सांगताना रडत होता. मीही रडत होते, पण मी काय केलंय ते त्याला सांगितलं नाही.

रविवारी दुपारी जीप आली. चाचा दारात कांदे वाळत घालत होते. चार माणसं उतरली. पुढचा, टोपीवाला, म्हणाला, "देवनीहून आलो. आमची पोरगी हाय हितं."

चाचा म्हणाले, "त्या नावाची कुनी न्हाई हितं."

"मी नाव कुठं सांगितलं अजून?"

मी वरून जिन्याच्या कठड्याला धरून बघत होते. इतक्या वर्षांची सवय, नेमकी त्या क्षणी अशी उघडी पडली. टोपीवाल्यानं मोबाईल काढला आणि चाचांच्या डोळ्यांसमोर धरला. "वळखता का? वाचून दावू का नाव?"

चाचांनी दोन्ही हात कानांवर दाबले. "नगा," ते म्हणाले, "नगा वाचू, नगा वाचू." मोठ्यानं, पुन्हा पुन्हा, ती माणसं वाचत नव्हती तरी. बरोबरचा तरणा माणूस हसायला लागला. तोच आत्याचा मुलगा असावा.

कैरी खाली उतरली. मोबाईलवरचा तो फोटो तिनंही बघितला, गच्ची, दोरी, माझी ओढणी. मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. त्यापेक्षा रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग ती चाचांना म्हणाली, "व्हा बाजूला चाचा. माय बसलीय गाडीत." चाचांचे हात अजून कानांवरच होते, ते तिनं हळूच खाली घेतले. घरातल्याच चपलांवर ती जीपमध्ये बसली. परीक्षा नऊ आठवड्यांवर होती.

दुसऱ्या दिवशी चाचा चौकीवर गेले. हवालदारानं कागद पुढे ओढला. मुलीचं नाव? कैरी. पूर्ण नाव? माहीत नाही. बापाचं नाव? माहीत नाही. गाव? देवणीकडचं. मामाचा नंबर? तोही चाचांनी कधी घेतला नव्हता. हवालदार वाईट नव्हता, त्यानं चाचांना पाणी दिलं. "चाचा, घरी जावा. बाप लेकीला घेऊन गेला, आन तुम्हाला तिचं नाव बी ठावं न्हाई. काय लिहू मी?"

तिथून ते क्लासच्या ऑफिसात गेले. तिथं नाव होतं, सगळंच होतं, बाहेरच्या फ्लेक्सवर तर गेल्या वर्षीच्या मुलामुलींची नावं-गावं फोटोंसकट वीस फुटांवरून वाचता येत होती. काउंटरवरच्या मुलानं नम्रपणे सांगितलं, "सॉरी चाचा, विद्यार्थ्यांची माहिती आम्ही बाहेर देत नाही. प्रायव्हसी असते."

अख्ख्या गावाच्या मोबाईलमध्ये तिचं नाव होतं. ते नव्हतं फक्त या एका माणसाकडे, जो तिला शोधायला निघाला होता.

संध्याकाळी ते वर आले. जिना चढून ते कधी वर येत नसत, मुलींचा मजला म्हणून. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. "मासोळी," ते म्हणाले, "तिचं नाव काय हाय, बेटा?"

भूकंपानंतर त्यांनी कुणाला नाव विचारलं असेल तर ते तेव्हा. आणि मला ते नाव आडनावासकट, बापाच्या नावासकट, गावासकट पाठ होतं. मीच तर भरलं होतं. पण नाव सांगायचं म्हणजे चौकीवर जायचं, तिथं माझंही नाव, वडिलांचं नाव, हदगावचा पत्ता. म्हणजे वडील येणार आणि मला घेऊन जाणार. आणि फोटो कुणी काढला, तेही निघणार. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, आणि मी म्हणाले, "माहीत नाही, चाचा. आम्ही एकमेकींना मासोळी-कैरीच म्हणायचो."

त्यांनी माझा चेहरा नीट बघितला. मग म्हणाले, "हाव बेटा." आणि भिंतीला धरत खाली उतरले.

त्यानंतरच्या दर रविवारी ते कैरीचा डबा पिशवीत घालून देवणीची एसटी पकडायचे. गावोगाव उतरायचे, डबा काढून दाखवायचे आणि विचारायचे, ही कैरी कुनाच्या घरची? लोकांना वाटायचं, म्हातारा डबे विकतोय. चाची सांगायची की कुणी कुणी पाणी द्यायचं, कुणी हाकलून द्यायचं. मी रविवारी गच्चीवर अभ्यासाला बसायचे. पिशवी सायकलला अडकवून ते स्टँडकडे निघालेले मला वरून दिसायचे. एक हाक मारायची होती. पाच रविवार गेले, सहावा गेला. मी हाक मारली नाही.

परीक्षेत माझा नंबर लागला नाही. तेही सांगते, कारण कुणाला वाटायला नको की एवढं करून मी काहीतरी मिळवलं.

आता मी नांदेडला रक्ततपासणीच्या एका केंद्रात नोंदणीच्या खिडकीवर बसते. नाव, वय, मोबाईल नंबर. रांगेतल्या बायका मागच्या वीस माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात आकडे सांगतात आणि मी टाइप करते. पुढे ते कुठे जातं, मला माहीत नाही. सुरुवातीला मी बायकांना हळू बोला म्हणायचे. त्या आणखी मोठ्यानं सांगायच्या. आता म्हणत नाही.

चाचा गेले ते मला उशिरा कळलं. चाचीला भेटायला गेले तर वरच्या खोल्या बंद होत्या. कैरीनंतर त्यांनी नव्या मुली घेतल्याच नव्हत्या. चाचीनं मला ओळखलं नाही. मी म्हटलं, "मासोळी." ती उठली, आत गेली आणि कैरीचा डबा आणून माझ्या हातात ठेवला.

डब्यावर कैरीच्या खाली दोन बारीक आडव्या रेघा ओढलेल्या होत्या. अक्षर सरळ यावं म्हणून कोरणारे आधी ओढतात तशा. रेघांच्या मध्ये काही नव्हतं.

"शेवटी शेवटी छिन्नी काढली व्हती," चाची म्हणाली. "नाव घालनार म्हनले तिचं. मी म्हनलं, नाव कुठं ठावं हाय तुम्हाला? तर म्हनले, मासोळीला ठावं हाय."

मी खाली बसले. "त्यांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासनं."

"मग परत का नाही विचारलं मला?"

चाचीला त्यात अवघड काही वाटलं नाही. "म्हनले, तिनं झाकून ठिवलंय. झाकलेलं नाव मागायचं नसतं."

डबा मी नांदेडला आणला. सराफ्यात अजून एक जण भांड्यांवर नावं घालून देतो, मशीननं, दोन मिनिटांत. त्याच्या दुकानापर्यंत मी तीनदा जाऊन आले. तो डबा हातात घेतो आणि विचारतो, "बोला ताई, काय नाव?"